फापाळे तात्यांचा बारका बॉयलर

माझ्या सासऱ्यांची चिता काही केल्या पेटेना, तेव्हा फापाळे तात्यांची आणि माझी ओळख झाली. लाकडं ओली होती, गुरुजी घड्याळ पाहत होते आणि श्रद्धांजलीला आलेले वक्ते तेच ते दुसऱ्यांदा बोलू लागले होते. तेवढ्यात गर्दीतून पांढरी टोपी घातलेला एक ठेंगणा गृहस्थ पुढे आला. त्याने आधी वर धुराकडे पाहिलं, मग गुडघ्यांवर हात टेकून खालून पाहिलं आणि माझ्या मेहुण्याच्या कानाशी लागून म्हणाला, "हवा कमी पडतीय." मग एक ओंडका बाहेर ओढला, एक आडवा होता तो तिरका केला, आणि पाच मिनिटांत सासरे मार्गी लागले. गृहस्थ पुन्हा गर्दीत जाऊन उभा राहिला. त्या दिवशी तिथे काही उपयोगाचं काम केलेला तो एकटाच माणूस होता.

घरी आल्यावर कळलं की केडगावात आमच्या शेजारचं रो-हाऊस घेतलेले ते हेच. नामदेव कोंडाजी फापाळे. मूळ गाव नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडचं, नोकरी एका साखर कारखान्यात. आपल्या जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नसल्यामुळे नाव सांगितलं नाही तरी चालेल. तिथे तात्यांनी चौतीस गळीत हंगाम बॉयलर अटेंडंट म्हणून काढले. म्हणजे उसाची चिपाडं खाणाऱ्या एका तीन मजली राक्षसासमोर ते उभे राहिले आणि त्याची भूक, तहान, ताप आणि धूर सांभाळत बसले.

त्यामुळे जगाकडे ते चिमणीच्या टोकाकडून पाहतात. काळा धूर म्हणजे हवा कमी. पांढरा धूर म्हणजे जळण ओलं. "आन धूर दिसलाच न्हाई, म्हंजे मानूस जाग्यावर हाय," हे त्यांच्या शास्त्रातलं शेवटचं सूत्र. रस्त्याने जाणारी रिक्षा, देवापुढची उदबत्ती, फोडणी करपल्यावर आमच्या खिडकीतून निघणारा लोट, सगळ्यांचं निदान भिंतीपलीकडून होतं. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष बोरुडे साहेब दर सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली पाऊण तास बोलतात. पहिल्याच वर्षी तात्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हवा जास्त झाली. जळन भराभरा जातं, उष्नता न्हाई."

निवृत्तीनंतर तात्यांच्या वाट्याला आलेला अग्नी म्हणजे आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब. तो ते रोज पहाटे पेटवतात आणि त्याचं लॉगबुक ठेवतात. तारीख, वेळ, जळण, पेटवणार, अटेंडंट, शेरा. पेटवणार आणि अटेंडंट या दोन्ही रकान्यांत रोज स्वतःचंच नाव. दिवस चांगला असेल तर शेऱ्यात दोनच शब्द: धूर नाही. वाईट असेल तर नुसतं 'धूर' आणि पुढे किती मिनिटं. कारखान्यात एकदा वरच्या साहेबांनी असा एक 'धूर' खोडायला सांगितला होता, कारण त्या दिवशी पाहणीला मंडळी यायची होती. तात्यांनी खोडला नाही. "हुता तर हुता. लॉगात खोटं लिव्हायचं न्हाई," ते म्हणतात. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आहे; इतकी विश्वासार्ह वही मी तिथेही पाहिली नाही.

हे असंच चाललं असतं, पण तीन वर्षांपूर्वी तात्यांच्या मोबाईलवर एका अमेरिकन माणसाचा व्हिडिओ आला. तो आपल्या परसात एका मोठ्या झाकणाच्या शेगडीवर मांस भाजत होता. शेगडीच्या कुशीला एक पेटी, तात्यांच्या भाषेत 'हापर'. पेटीत लाकडाच्या भुशाच्या, दाबून केलेल्या करंगळीएवढ्या कांड्या. खाली फिरणारा मळसूत्री दांडा, तो कांड्या ढकलत ढकलत आगीत नेतो. मागे पंखा, पुढे तापमानाचा काटा. तात्या भिंतीवरून मोबाईल पुढे करून म्हणाले, "सर, ह्यो बॉयलर हाय. बारका हाय, पन बॉयलर हाय."

"तात्या, तुमच्याकडे तर मांसमच्छी चालत नाही."

"वांगी चालत्यात की."

मी विषय संपला असं धरून चाललो. तो संपायला तीन वर्षं लागली.

चौकशीअंती दोन शेगड्या रिंगणात उरल्या. एक परदेशी, पुण्याच्या एका शोरूममधली: काचेचा पडदा, मोबाईलवरून हुकूम, बटण दाबलं की आपोआप पेटणार. दुसरी नगरच्या एमआयडीसीत सय्यदभाई नावाचे फॅब्रिकेटर बनवून देणार होते ती: स्टीलचा आडवा पिंप, त्यांच्याच हातचा मळसूत्री दांडा, पंख्याला एक खटका, आणि बाजूला छोटं दार, त्यातून काकडा घालून हाताने पेटवायची. आणायची ती दसऱ्याला, यावर तात्या ठाम होते, कारण बॉयलर दसऱ्याला पेटतो. कोणती आणायची यावर मात्र पहिला दसरा गेला, दुसराही गेला.

दरम्यान त्यांनी परसातल्या फरशीवर दोन्ही शेगड्यांचे पूर्ण मापाचे आराखडे खडूने काढले. फापाळे काकू, म्हणजे शकुंतलाबाई, दोन वर्षं कपडे वाळत घालताना ते आराखडे ओलांडून जात. पाय पडला तर आतून आवाज येई, "हापरमधी पाय देऊ नगं." पाऊस पडला की रेघा धुऊन जात आणि तात्या त्या पुन्हा मापाने काढत. एमआयडीसीतल्या कांड्यांच्या कारखान्यात ते पिशवी घेऊन गेले आणि जिथे टनावर माल जातो तिथे मूठ मूठ नमुना मागितला. मालक चांगला होता, त्याने दिला. बाभळीची कांडी, आंब्याच्या भुशाची कांडी, शेंगांच्या टरफलांची कांडी. तात्या प्रत्येक कांडी आधी दाताने मोडत. कडकन तुटली तर पास. मग ती पाण्याच्या ग्लासात टाकून तिचं पीठ व्हायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघत. त्या काळात त्यांच्या घरी पाणी मागायला मी बिचकत असे.

पुण्याला शोरूममध्ये ते मला घेऊन गेले, इंग्रजी वाचायला. टाय लावलेला पोक्त विक्रेता समोर आला. त्याने झाकण उघडलं आणि आत अख्खं बोकड मावेल असं सांगितलं.

"भरताची वांगी किती बसत्याल?" तात्यांनी विचारलं.

विक्रेत्याने हातातला तक्ता चाळला. त्याच्या तक्त्यात वांगी नव्हती. "साधारण… पुष्कळ."

"पुष्कळ म्हंजे?"

"तीसेक."

तात्यांनी वहीत तीस लिहून पुढे प्रश्नचिन्ह केलं. "आता पेटवायचं कसं ते दावा."

"पेटवायचं नाहीच, काका. बटण दाबायचं. पुढे सगळं मशीन बघतं."

"मंग मी काय करायचं?"

"तुम्ही आराम करायचा. सहा तास बघायलासुद्धा नको."

तात्यांनी त्याच्याकडे बॉयलर सोडून चहाला गेलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. मग बराच वेळ शेगडीभोवती फिरले, वाकून खालून पाहिलं आणि विचारलं, "समजा, एखाद्याला हातानंच पेटवावं वाटलं तर?"

"कशाला वाटेल?"

"समजा वाटलं."

"तशी सोय नाही, काका. गरजच नाही."

परतीच्या एसटीत ते शिरूरपर्यंत वहीचं तेच पान उघडून बसले होते. मला वाटलं, किंमत डोक्यात बसली.

अग्निप्रदीपन समारंभाविषयी मात्र ते मोकळेपणाने बोलत. दर दसऱ्याला कारखान्याचा बॉयलर पेटतो, त्याला हे नाव. चाळीस नावांची निमंत्रणपत्रिका, मांडव, फेटे, आणि संचालक मंडळातलं एक जोडपं पाटावर पूजेला. जोडप्याने काकडा बॉयलरच्या दारात धरायचा, फोटो निघायचा, टाळ्या व्हायच्या. मग सगळे मांडवात साखर धंदा अडचणीत असल्याचं भाषण ऐकायला जायचे. "तवर आत इझलेलं आसायचं," तात्या म्हणत. "काकडा नुस्ता दारात धरत्यात हो. आत कोन सारनार? शालूला ठिनगी लागंल. मंग समदे गेले का मी पेटवायचो. चौतीस सालं मीच पेटवला. फोटोत दर सालाला दुसरंच कोनतरी."

"वाईट नाही वाटायचं?"

"मला कशाचं वाईट? मला काटा बघायचा आसायचा."

त्यांच्या 'मला'वरचा जोर माझ्या लक्षात यायला हवा होता.

तो आला यंदाच्या श्रावणात. काकूंचे गुडघे काही वर्षं कुरकुरत होते. त्या डॉक्टरांकडून आल्या आणि आमच्या ओट्याच्या कडेला टेकून चहा घेता घेता म्हणाल्या, "दिवाळी झाली का दोन्ही गुडघं बदलायचेत. डॉक्टर म्हन्ले, मावशी, पुन्हा भुईवर मांडी घालायची न्हाई. कायमची." मग कप खाली ठेवून म्हणाल्या, "म्हंजे पाट सुटला."

तात्या शेजारी खुर्चीवर बसले होते. त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास आणि त्यात आंब्याची कांडी होती.

"कोणता पाट?" मी विचारलं.

काकू हसल्या. "ह्यांनी सांगितलं न्हाई व्हय? मी बसले हुते की एकदा. एका सालाला पूजेची जोडी येळंवर आलीच न्हाई. मुहूर्त टळाया लागला. साहेब ह्यांना म्हन्ले, फापाळे, तुमी बसा जोडीनं. क्वार्टरवर मानूस आला सायकलवर. मी कनीक मळीत हुते. हात धुतलं, लग्नातला शालू काढला आन पळत गेले. गुरुजींनी बसवलं, हातावर पानी घातलं. म्हन्ले, हे येतील, तवर तुमी धरा. आन गाड्या आल्या."

"मग?"

"मंग काय. कोनी ऊठ म्हन्लं न्हाई, खोटं कशाला बोलू. साहेब नुस्तं माझ्याकडं बघून हसले. मी उठले."

"आणि हातावरचं पाणी?"

"त्येच तर." त्यांना ते खरोखरच गमतीचं वाटत होतं. "संकल्पाचं पानी, टाकायचं कुटं? समदीकडं रांगोळ्या नायतर चपला. तशीच मूठ झाकून क्वार्टरवर आले. कनीक तिंबायची ऱ्हायलीच हुती, तिच्यात घातलं. चपात्या लई मऊ झाल्या त्या दिशी."

"तात्या कुठे होते तेव्हा?"

"हे? हे पाटावर आलेच न्हाईत की. बॉयलरच्या तोंडाशी. काटा बघत हुते."

तात्या उठले आणि ग्लास उजेडात धरून बघायला अंगणाच्या टोकाला गेले. कांडीचं केव्हाच पीठ झालं होतं. 

त्यानंतर महिनाभर निवड आणखी अवघड झाली. बोरुडे साहेब परदेशी शेगडीच्या बाजूचे होते, कारण तिने सोसायटीची शान वाढली असती. उद्घाटन करायला आपण मोकळे आहोत, हेही त्यांनी सुचवून ठेवलं. खुद्द तात्यांनी वहीत मांडलेल्या तुलनेतही परदेशी शेगडी, निदान कागदावर, सगळ्या रकान्यांत पुढे होती: ताप स्थिर, जळण कमी, राख चिमूटभर. एका सकाळी ते तिचं छापील माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे आले.

"सर, नीट बघा. हातानं पेटवलं तर चालंल, असं कुटं बारीक अक्षरात लिव्हलंय का?"

मी बारीक अक्षरं वाचली. लिहिलं होतं, पण उलटं: कोणत्याही परिस्थितीत हाताने पेटवू नये.

"बरं," ते म्हणाले. त्याच दिवशी ते एमआयडीसीत गेले. संध्याकाळी बोरुड्यांनी कारण विचारलं, तर म्हणाले, "त्या परदेशीचा पंखा आवाज करतो." शोरूममध्ये पंखा कोणी चालूच केला नव्हता. 

पंधरा दिवसांनी सय्यदभाई टेम्पोतून शेगडी घेऊन आले आणि उतरवता उतरवता माझ्याकडे तक्रार करू लागले. "सर, तुम्हीच सांगा. सगळ्या शेगड्यांचं जाळायचं दार कमरेजवळ असतं. हे म्हणतात खाली घ्या. मी वीतभर खाली घेतलं. म्हणतात अजून खाली. आता भुईपासून हातभर आहे. उभ्या माणसाला वाकून कंबर धरेल. मग पेटवणार कसं?"

तात्यांनी घरातून लाकडी पाट आणला, दारासमोर ठेवला, काकूंचा हात धरून त्यांना त्यावर बसवलं आणि दार उघडून दाखवलं. दार बरोबर त्यांच्या हाताशी येत होतं. सय्यदभाईंनी पाहिलं आणि ते टेम्पोतलं उरलेलं सामान उतरवायला लागले. खडूचे आराखडे त्या दिवशी पुसले गेले.

दसऱ्याला सकाळी नऊची वेळ होती. निमंत्रणपत्रिका नव्हती, मांडव नव्हता. शेगडीला झेंडूचं तोरण, समोर दोन पाट, ताम्हन, तुपात भिजवलेला काकडा आणि परातीत एकवीस वांगी. काकूंनी शालू नेसला होता. तो कोणता, हे मी विचारलं नाही. त्या एका पाटावर बसल्या, बसायला बराच वेळ लागला. दुसरा पाट रिकामा होता. तात्या पंख्याच्या खटक्यापाशी, आमच्याकडे पाठ करून, काटा बघत उभे होते. आग अजून पेटायची होती, त्यामुळे काटा जागचा हलत नव्हता.

सव्वानऊला बोरुडे साहेब सपत्नीक आले. खांद्यावर शाल, हातात नारळ. त्यांनी एका नजरेत व्यवस्था पाहिली आणि समंजसपणे म्हणाले, "वहिनींच्या गुडघ्यांना कशाला त्रास? आम्ही दोघं बसतो. म्हणजे तात्यांनाही यंत्राकडे नीट लक्ष देता येईल."

ते वाईट हेतूने बोलले नाहीत. अशी माणसं कधीच वाईट हेतूने बोलत नाहीत. कोणी काही म्हणायच्या आत काकूंनी उठण्यासाठी एक हात भुईला टेकला होता.

"शकू, बस," तात्या म्हणाले. वळून न पाहता म्हणाले. त्यांच्या तोंडून काकूंचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. "साहेब, तिची ड्यूटी हाय. तुमी वांगी धरा."

बोरुड्यांच्या हातात परात आली. नारळ कुठे ठेवावा हे न कळून त्यांनी तो वांग्यांतच ठेवला. मग तात्या माझ्याकडे वळले.

"सर, काटा बघा. चार्ज तुमच्याकडं."

"मला यातलं काही कळत नाही, तात्या."

"म्हाईत हाय," ते म्हणाले, आणि टोपी नीट करून दुसऱ्या पाटावर जाऊन बसले.

गुरुजी नव्हते. तात्यांनी स्वतःच पळीने काकूंच्या तळहातावर पाणी घातलं. काकूंनी ते क्षणभर धरलं आणि मग ताम्हनात सोडलं. नंतर काकडा पेटवून काकूंनी तो दारात नुसता धरला नाही. कोपरापर्यंत हात आत घालून कांड्यांच्या ढिगाखाली सारला. तिथून पुढचं सगळं माझ्या अखत्यारीत होतं. मी खटका दाबला, तो बहुधा उलटा दाबला. शेगडीने एकदा खोकल्यासारखं केलं आणि चिमणीतून असा काळा लोट निघाला की समोरच्या गच्चीवरची माणसं कठड्याशी आली.

"हवा कमी पडतीय, सर," काकू पाटावरून म्हणाल्या.

मी खटका पुन्हा उलटसुलट दाबू लागलो. तात्यांनी मान वर करून धुराकडे पाहिलं. उठतील असं मला वाटलं, मी तर त्याच आशेवर होतो. ते उठले नाहीत. काकूंच्या शालूचा पदर भुईवर आला होता, तो त्यांनी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला आणि बसून राहिले. बोरुडे खोकत होते. आमच्या दोरीवरचे कपडे काळे पडले, ते दुपारी सगळे पुन्हा धुवावे लागले आणि त्याबद्दल घरी मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही. वीसेक मिनिटांनी कधीतरी, माझ्यामुळे की माझ्याशिवाय ते ठाऊक नाही, जाळ लागला. वांगी एका बाजूने करपली आणि दुसऱ्या बाजूने कच्ची राहिली. भरीत सगळ्यांनी खाल्लं.

संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला गेलो, तेव्हा लॉगबुक ओट्यावर उघडं पडलं होतं. नवं पान, नवी शेगडी. जळण: आंबा. पेटवणार: सौ. शकुंतला नामदेव फापाळे. अटेंडंट या रकान्यात माझं नाव, आधी 'श्री.' लावून. मी घाबरत घाबरत शेऱ्यापाशी आलो.

धूर नाही.